उजेड कुणाचा, ते आधी विचार

प्लेटवर दिसणारा उजेड तुझ्या प्रथिनाचाच आहे, असं यंत्र कधीच सांगत नाही. ते फक्त उजेड किती, एवढंच सांगतं. तो कुणाचा, हे शोधणं तुझं काम. तुझी आई म्हणाली, लेक पवईला प्रोजेक्टवर लागली, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने जायचं-यायचं, आणि काम आहे पेशींमधली प्रथिनं निकट-अवरक्त प्रकाशात मोजायचं. ऐकून फार बरं वाटलं गं. माझी सगळी नोकरी परळच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात आणि ब्लॉट करण्यात गेली. तुझ्या मावशीकडे दागिने फारसे नाहीत, पण हे आहे, आणि ते तुलाच द्यायचं आहे.

आधी हा प्रकाश कशासाठी, ते नीट समजून घे. पुढच्या निम्म्या सूचना मग तुला आपोआप सुचतील. पेशी स्वतःही थोडी चमकते. तिच्यातलं एनएडीएच, फ्लेव्हिन ही रसायनं निळ्या-हिरव्या पट्ट्यात उजळतात. प्लेटचं प्लास्टिक चमकतं, ब्लॉटची मेम्ब्रेन चमकते. हिरवा रंग लावलेली अँटिबॉडी वापरलीस की तिचा उजेड या गर्दीत मिसळून जातो. आपल्या डोळ्यांची हद्द साधारण ७०० नॅनोमीटरला संपते. तिच्या पलीकडे गेलं की पेशी, प्लास्टिक, मेम्ब्रेन सगळे बऱ्यापैकी गप्प होतात. आपल्या जोगेश्वरीच्या लेण्यात गेलीस की बघ, भर दुपारी बाहेर अंगणात लावलेली ज्योत कुणाच्या नजरेतही भरत नाही, आत देवीसमोर तेवढीच ज्योत लांबून दिसते. ज्योत मोठी झालेली नसते, भोवतालचा उजेड कमी झालेला असतो. निकट-अवरक्त मापनाचं सगळं बळ या एका गोष्टीत आहे, आणि म्हणूनच तो भोवतालचा अंधार जपणं हे तुझं पहिलं काम.

डॉक्टरांना हे आधीपासून ठाऊक आहे. इंडोसायनिन ग्रीन नावाच्या रंगाला अमेरिकेत १९५९ साली रुग्णांसाठी मान्यता मिळाली. तो ८०० नॅनोमीटरच्या आसपास शोषतो आणि त्याच्या थोडं पुढे चमकतो. रक्त आणि ऊती त्या पट्ट्यातला प्रकाश कमी अडवतात, म्हणून डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या पाहायला नेत्रतज्ज्ञ तो वापरतात. तुझ्या अँटिबॉडीला चिकटवलेले रंग याच धर्तीचे.

तुमच्याकडे लायकोरचं ओडिसी असेल किंवा तसंच दुसरं एखादं स्कॅनर. त्यात दोन लेझर असतात, एक ६८५ नॅनोमीटरच्या जवळचा आणि दुसरा ७८५च्या जवळचा. त्यांना सगळे ७०० चॅनेल आणि ८०० चॅनेल म्हणतात. दोन्हींतला अंधार सारखा नाही. ८०० जास्त काळा आहे. त्यामुळे जे प्रथिन थोडं आहे, ज्याच्यासाठी प्रयोग मांडलाय, त्याला ८०० दे; जे भरपूर आहे, किंवा पेशींची संख्या दाखवणारा रंग, तो ७०० मध्ये टाक. पुष्कळ मुलं हे उलटं करतात, कारण फ्रीजमध्ये जी अँटिबॉडी सापडली ती त्यांनी घेतलेली असते. तू तसं करू नकोस. दुय्यम अँटिबॉडी मागवायच्या आधी दोन्ही चॅनेल कुणाला द्यायचे ते कागदावर ठरव.

७०० चॅनेलमध्ये नको ती पाहुणे मंडळी बरीच येतात. बॉलपेनची आणि मार्करची शाई तिथे झगझगीत चमकते, म्हणून मेम्ब्रेनवर खूण करायची ती पेन्सिलनेच. जेलच्या लोडिंग डायमधला ब्रोमोफेनॉल ब्लू चमकतो. तो जेलच्या बाहेर पडेपर्यंत जेल चालव, नाहीतर खालच्या टोकाला एक जाड पट्टी येईल. कुमॅसी ब्लू तर इतका चमकतो की लोक मुद्दाम त्याचा वापर करून जेल स्कॅन करतात. ज्या डब्यात कधी कुमॅसीचं जेल रंगवलं असेल त्या डब्यात मेम्ब्रेन धुवायची नाही. स्वतःचे डबे वेगळे ठेव, त्यांवर नाव घाल, आणि काचसामान धुणाऱ्या मामांना स्वतः जाऊन सांग की हे डबे बाकीच्यांत मिसळू नका. मामांशी बोलून ठेवलेलं असलं की प्रयोगशाळेत निम्मी कामं सुरळीत होतात.

आता एक गोष्ट जी परदेशी कंपनीच्या पुस्तिकेत तुला ठळकपणे सापडणार नाही, पण आपल्याकडे फार लागते. इथल्या प्रयोगशाळांमध्ये वनस्पतींचे अर्क तपासायचं काम खूप चालतं: हळद, तुळस, कडुनिंब, अडुळसा. हळदीतलं कर्क्युमिन हिरव्या पट्ट्यात जोरात चमकतं. साध्या फ्लुओरेसन्सच्या प्रयोगात ते घोटाळा करतं, आणि तिथे तुझं ८०० चॅनेल खरोखर उपयोगी पडतं. पण पानांचा अर्क असेल तर सावध राहा. पानात हरितद्रव्य असतं, आणि हरितद्रव्य लाल प्रकाश घेऊन ६८० नॅनोमीटरच्या आसपास आणि त्याच्या पुढे लाल-अवरक्त उजेड देतं. म्हणजे थेट तुझ्या ७०० चॅनेलच्या दारात. स्निग्ध पदार्थांत ते सहज मुरतं, त्यामुळे पेशींच्या पटलांत अडकून धुण्यालाही दाद देत नाही. तू ७०० मध्ये पेशी मोजत असशील तर अर्क दिलेल्या वेलमध्ये पेशी जास्त दिसतील आणि प्रथिन दर पेशीमागे उगाच कमी झालेलं दिसेल. अर्क 'काम करतो' असं त्यावरून छापलंही जाईल. म्हणून प्रत्येक अर्काचा, प्रत्येक औषधाचा एक वेल असा ठेव ज्यात पेशी आहेत, औषध आहे, पण ना अँटिबॉडी ना रंग. तो वेल दोन्ही चॅनेलमध्ये काळा दिसला पाहिजे. मिथिलीन ब्लूसारखी काही औषधंही याच पट्ट्यात चमकतात, तेव्हा 'आमचं शुद्ध रसायन आहे' म्हणून ही पायरी सोडायची नाही.

यानंतरचं जे सांगते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून सावकाश वाच.

वेस्टर्न ब्लॉटची पद्धत १९७९ साली हॅरी टॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिली. १९८१ साली नील बर्नेट यांनी तिला हे नाव दिलं. ब्लॉटमध्ये प्रथिनं आधी जेलमधून वजनाप्रमाणे वेगळी होतात. तुझी अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटली तर भलत्याच जागी पट्टी दिसते. शेजारी मार्करची शिडी असते, तिच्याकडे बघून कुणीही म्हणेल, ही पट्टी चाळीस किलोडाल्टनची, तुझं प्रथिन तर एकशे सत्तरचं. चूक डोळ्यांना दिसते.

इन-सेल वेस्टर्नमध्ये तू पेशी ९६ वेलच्या प्लेटमध्ये वाढवतेस, तिथेच स्थिर करतेस, पटलाला छिद्रं पाडतेस, अँटिबॉडी आत सोडतेस आणि खालून स्कॅन करतेस. पेशी फोडणं नाही, जेल नाही, ट्रान्सफर नाही. एका दिवसात ब्लॉटच्या कितीतरी पट नमुने होतात. पण शिडीही नाही. अँटिबॉडी बरोबर जागी चिकटली, चुकीच्या जागी चिकटली, वेलच्या तळाला चिकटली, या सगळ्यांची बेरीज होऊन एकच आकडा तुझ्या हातात येतो. त्या आकड्याकडे कितीही निरखून पाहिलंस तरी त्यातलं खरं किती ते कळणार नाही.

त्यामुळे नव्या अँटिबॉडीची ओळख आधी ब्लॉटवर करून घे. त्याच पेशी, तेच औषध. एकच स्वच्छ पट्टी, बरोबर वजनाला, असं दिसलं तरच ती प्लेटवर न्यायची. दोन-तीन पट्ट्या येत असतील तर ती ब्लॉटला चालेल, प्लेटला नाही. एवढ्यावरही थांबू नकोस, कारण ब्लॉटमधलं प्रथिन एसडीएसने उलगडलेलं असतं आणि प्लेटमधलं फॉर्मल्डिहाइडने जागच्या जागी जखडलेलं. एकीकडे चालणारी अँटिबॉडी दुसरीकडे चालेलच असं नाही. मग प्लेटवर दुसरी परीक्षा घे: ज्या पेशींत ते प्रथिन नाही, किंवा सायआरएनए देऊन कमी केलंय, त्यांचे वेल शेजारी ठेव. तिथला उजेड खाली आला पाहिजे. आला नाही, तर अँटिबॉडी कितीही महाग असो, कितीही मोठ्या कंपनीची असो, तिच्यावर आकडा उभा करायचा नाही. तुझ्या सरांना हे सांगायला संकोच वाटेल. तरी सांग. रुग्णाच्या औषधापर्यंत पोचणाऱ्या वाटेवर हे काम आहे, ते कच्च्या पायावर नको.

पेशींचीही ओळख तितकीच लागते. आपल्या कमल रणदिवे माहीत असायला हव्यात तुला. पुण्यात १९१७ साली जन्मल्या, मुंबई विद्यापीठाची पीएचडी १९४९ची, वसंत खानोलकरांच्या हाताखाली. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या आणि परतून परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. देशातली अशी पहिली प्रयोगशाळा म्हणून तिचं नाव घेतात. तीच संस्था आज खारघरला आहे. हे जॉर्ज गाय म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईंच्या गाठीतून हेला पेशी वाढल्या. त्या बाईंना कुणी विचारलंही नव्हतं. त्या पेशी इतक्या जोमाने वाढतात की दुसऱ्या फ्लास्कमध्ये थेंबभर गेल्या तरी सगळा फ्लास्क गिळतात. १९६६ साली स्टॅनली गार्टलर यांनी १८ सेल लाइन तपासून दाखवलं की त्या सगळ्या आतून हेला आहेत.

हे जुनं पुराण म्हणून सांगत नाही. तंबाखू आणि सुपारीपायी तोंडाचा कर्करोग आपल्याकडे घरोघरी आहे, आपल्या गल्लीतही आहे. त्यावर काम करताना 'केबी' नावाची सेल लाइन वर्षानुवर्षं तोंडाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. ती हेलाच आहे, गर्भाशयमुखाची. तुला कुणी केबीची व्हायल प्रेमाने दिली तर घे, पण तोंडाच्या कर्करोगाबद्दल त्यातून काही सिद्ध करायला जाऊ नकोस. सेल लाइन पुण्याच्या एनसीसीएसच्या संग्रहातून रीतसर मागव, आल्यावर एसटीआर तपासणी करून घे, आणि मायकोप्लाझ्माची चाचणी ठराविक काळाने करत राहा. मायकोप्लाझ्मा लागलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठणठणीत दिसतात. त्याचा डीएनए मात्र तुझा डीएनएचा रंग शोषून घेतो, आणि पेशींची मोजदाद बिघडते.

आता हाताची कामं. पेशी प्लेटमध्ये टाकल्यावर लगेच उचलून इन्क्युबेटरमध्ये ठेवायची घाई करू नकोस. प्लेट सपाट ओट्यावर पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू दे, पेशी सारख्या पसरून बसतात. नाहीतर गरम-गार फरकाने कडेला गोळा होतात. बाहेरच्या रांगांतले वेल लवकर सुकतात, तिथे नुसतं पीबीएस किंवा मीडियम भर आणि आतले ६० वेलच मोजायला घे. ३६ वेल वाया गेले असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. प्लेट काळ्या भिंतींची, पारदर्शक तळाची घे, म्हणजे एका वेलचा उजेड शेजारच्यात जात नाही.

धुताना पिपेटची टिप वेलच्या भिंतीला टेकव, धार पेशींवर सोडू नकोस. एचईके २९३सारख्या पेशी तर बघता बघता निघून जातात, त्यांच्यासाठी तळाला आधी पॉली-डी-लायसिनचा लेप दे. पेशी जाताना दिसत नाहीत, फक्त आकडे वेडेवाकडे येतात, आणि मग मुलं अँटिबॉडीला दोष देतात.

शिकायला ए४३१ पेशी चांगल्या. पंच्याऐंशी वर्षांच्या एका बाईच्या त्वचेच्या गाठीतून आलेल्या. ईजीएफचे रिसेप्टर एकेका पेशीवर दहा लाखांहून जास्त, त्यामुळे सिग्नल भरभरून मिळतो. ईजीएफ शोधणारे स्टॅनली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं. रात्रभर सीरमशिवाय ठेव, मग ईजीएफ दे; पाच-दहा मिनिटांत रिसेप्टरवर आणि पुढे ईआरकेवर फॉस्फेट चढतो आणि मग उतरायला लागतो. ही घडामोड मिनिटांची आहे. आठ रांगांना ईजीएफ टाकायलाच तुला दोन-तीन मिनिटं लागणार असतील तर पहिली आणि शेवटची रांग एकाच वेळेची म्हणता येणार नाही. त्यामुळे उलटं मांड: ज्यांना सगळ्यात जास्त वेळ द्यायचाय त्यांना आधी टाक, कमी वेळवाल्यांना नंतर, आणि सगळी प्लेट एकाच क्षणी, मल्टिचॅनेल पिपेटने, फॉर्मल्डिहाइड घालून थांबव.

फॉर्मल्डिहाइड ३.७ टक्के, म्हणजे बाटलीतल्या ३७ टक्क्यांचा एक भाग आणि पीबीएसचे नऊ. त्याच दिवशी बनवलेलं, फ्यूम हूडमध्ये, २० मिनिटं, प्लेट न हलवता. मग पीबीएसमध्ये ०.१ टक्का ट्रायटन, पाच-पाच मिनिटांचे पाच वॉश. रिसेप्टर फक्त पेशीच्या बाहेरच्या बाजूला मोजायचा असेल तर ट्रायटन गाळ, म्हणजे अँटिबॉडी आत शिरणार नाही. सगळ्या पुस्तिकांत 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं ते वीस-पंचवीस अंशांचं. मुंबईच्या मे महिन्यात एसी बंद पडलेली खोली ही ती रूम नव्हे. थर्मामीटर ओट्यावर ठेव आणि तापमान वहीत लिही, पुढच्या महिन्यात आकडे का हलले ते त्यावरून कळतं.

ब्लॉकिंगला दुधाची पावडर नको. ७०० मध्ये तिचा उजेड वाढतो. फॉस्फो-अँटिबॉडी असेल तर दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं प्रथिन. आणि शेळीविरुद्धची दुय्यम अँटिबॉडी वापरलीस तर ती दुधातल्या गाईच्या अँटिबॉडींनाही ओळखते. तयार ब्लॉकिंग बफर महाग पडतो, पण तिथे काटकसर करायची नाही.

प्राथमिक अँटिबॉडी ब्लॉटपेक्षा प्लेटमध्ये बहुतेक वेळा घट्ट लागते. तीन-चार प्रमाणं करून बघ आणि सर्वांत झगझगीत दिसेल ते निवडू नकोस. अँटिबॉडीसह आणि अँटिबॉडीशिवाय यांतलं गुणोत्तर जिथे सर्वांत मोठं ते निवड. दोन प्रथिनं एकाच वेलमध्ये मोजायची, फॉस्फो आणि एकूण, तर एक अँटिबॉडी सशाची आणि दुसरी उंदराची. आधी दोन्ही वेगवेगळ्या वेलमध्ये एकेकट्या लाव. एकटी असताना आणि दुसरीसोबत असताना आकडा तोच येतो का ते बघ, कारण जवळजवळच्या जागांवर बसणाऱ्या दोन अँटिबॉडी एकमेकींना अडवतात. रंगाची दुय्यम अँटिबॉडी घातल्यापासून प्लेट फॉइलमध्ये. मेम्ब्रेनसाठी दुय्यम अँटिबॉडीत चिमूटभर एसडीएस घालायची सवय तुला कुणी लावेल. प्लेटमध्ये ते घालायचं नाही.

आता हिशेब. इथेच सगळ्यांत जास्त गडबड होते, आणि इथेच जरा लक्ष दिलं तर तुझं काम उजवं ठरेल.

समज, औषध न दिलेल्या वेलमध्ये ८०० चा आकडा १२,००० आला. नुसती दुय्यम अँटिबॉडी घातलेल्या, तेवढ्याच पेशींच्या वेलमध्ये २,००० आला. निव्वळ १०,०००. ७०० मधल्या पेशींच्या रंगाचा निव्वळ आकडा ५,०००. भागाकार २. आता औषध दिलेला वेल: ८०० मध्ये ६,०००, पेशींचा रंग २,५००. पहिल्या नजरेला प्रथिन निम्मं झालं. पण पेशीही निम्म्याच उरल्यात, औषधाने त्या मारल्या. निम्म्या पेशींना दुय्यम अँटिबॉडीही निम्मीच चिकटते, म्हणजे इथला खरा पार्श्वउजेड १,०००. निव्वळ ५,०००, भागिले २,५००, पुन्हा २. दर पेशीमागे प्रथिन जराही बदललेलं नाही. आणि तू सवयीने दोन्हीकडून तोच २,००० वजा केला असतास, तर दुसरीकडे ४,००० भागिले २,५००, १.६ आलं असतं. वीस टक्के घट! पेशींत न झालेली, कागदावरच्या वजाबाकीतून आलेली. म्हणून नुसत्या दुय्यम अँटिबॉडीचे वेल औषध दिलेल्या पेशींचेही ठेव, फक्त न दिलेल्यांचे पुरत नाहीत.

पेशी मोजायला दोन जातींचे रंग मिळतात. ड्रॅक५सारखे डीएनएला धरतात, सेलटॅगसारखे सबंध पेशीला. औषध पेशी-विभाजन अडवणारं असेल तर एकेका पेशीत डीएनए दुप्पट होऊन बसतो, मग डीएनएचा रंग फसवतो. औषधाने पेशी फुगत किंवा आक्रसत असतील तर सबंध पेशीचा रंग फसवतो. औषध काय करतं ते वाचून मग रंग निवड. ब्लॉटवरही हाच न्याय लाव: अ‍ॅक्टिन किंवा जीएपीडीएच पेशीत इतकं भरलेलं असतं की पट्टी लगेच तुंबते आणि फरक दिसेनासा होतो. मेम्ब्रेनवरचं एकूण प्रथिन रंगवून त्याने भागणं जास्त भरवशाचं, आता चांगली नियतकालिकंही तेच मागतात.

स्कॅन करण्याआधी काच आयसोप्रोपेनॉलने पूस. बोटांचे ठसे आणि कापसाचे धागे दोन्ही चमकतात. शेवटचा वॉश ट्वीनशिवायचा, नुसत्या पीबीएसचा. मग वेल पूर्ण रिकामे कर. प्लेटचा तळ काचेपासून थोडा वर असतो, तेव्हा फोकस वर उचलावा लागतो, साधारण तीन मिलिमीटरच्या आसपास. नव्या जातीच्या प्लेटसाठी तो दोन-चार उंचींवर स्कॅन करून स्वतः ठरव. पडद्यावर चित्र उजळ-मंद केलंस तर आकडे बदलत नाहीत, पण सिग्नल तुंबलेला असेल तर तो आकडा कशानेच दुरुस्त होत नाही, कमी तीव्रतेवर पुन्हा स्कॅन कर. हे रंग टिकाऊ असतात, प्लेट अंधारात ठेवलीस तर पुन्हा स्कॅन करता येते. केमिल्युमिनेसन्सच्या फिल्मवर ही सोय नव्हती. तिथे क्षण गेला की गेला, आणि काळी पट्टी याहून काळी होत नाही.

एका प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग, तीनदा मोजलेला. तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर केलंस तर तीन. शोधनिबंधाच्या घाईत हा फरक पुसला जातो, तू पुसू देऊ नकोस.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. जुलैत इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेला बुरशी फार लवकर धरते, ट्रे दर आठवड्याला काढून धू आणि निर्जंतुक पाणी भर. रात्रभर सीरमशिवाय ठेवायच्या पेशींचा बेत हवामान खात्याचा इशारा बघून आख. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदीचं पाणी घराघरांत शिरलं, पवई सोड, माणसं कुर्ल्याहून घरी पोचू शकली नव्हती. तसा दिवस रोज येत नाही, पण लिंक रोड तुंबायला त्याच्या दशांश पाऊस पुरतो. उपाशी पेशी तुझी वाट बघत थांबत नाहीत. स्थिर केलेली प्लेट मात्र थांबते. पीबीएसमध्ये, वरून नीट बंद करून, चार अंशांवर दोन-चार दिवस. बाहेर काळं झालं की फॉर्मल्डिहाइडपर्यंत आणून ठेव आणि घरी निघ. अँटिबॉडी आल्या दिवशीच छोट्या नळ्यांत वाटून ठेव, आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये नको, तो आतल्या आत सारखा गरम-गार होत असतो. रंगाच्या दुय्यम अँटिबॉडी अंधारात, चार अंशांवर.

पहिल्या आठवड्यात औषधाला हातच लावू नकोस. एक प्लेट कर: अडीच हजार पेशींपासून सुरुवात, दर वेळी दुप्पट, चाळीस हजारांपर्यंत, प्रत्येक संख्येचे काही वेल नुसत्या दुय्यम अँटिबॉडीचे, काही पेशींच्या रंगाचे, काही दोन्ही अँटिबॉडींचे, आणि काही कशाचेच नाहीत. आलेख काढ. एका ठिकाणी रेघ सरळ राहायची थांबेल आणि वाकेल. त्या गर्दीच्या वर कधी प्रयोग मांडायचा नाही. स्कॅनरची मूळ फाइल, तीव्रता, फोकस, अँटिबॉडीचा लॉट नंबर, पेशींचा पॅसेज, सगळं त्याच दिवशी वहीत लिही. रविवारी वही घेऊन इकडे ये. मला तो आलेख बघायचाच आहे, आणि कशाचेच नाहीत त्या वेलमध्ये ७०० ला किती आलं, तेही.